शार्क डोमला घासून गेल्यावर: ओरखडे ओळखायचे कसे, काढायचे कधी आणि हात कुठे आवरायचा

पाण्याखालच्या कॅमेऱ्यापुढे काचेचा किंवा ॲक्रिलिकचा, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकचा, अर्धगोल डोम असतो. शार्क त्याला नाक लावून गेला की पाण्याबाहेर आल्याआल्या बहुतेक जण एकच गोष्ट करतात. डोम उन्हात धरतात आणि अंगठ्याने त्यावर उमटलेली रेघ चोळून बघतात. तेवढं करू नका. त्या रेघेत वाळूचा एखादा कण अडकलेला असला, तर तुमच्या अंगठ्याखाली तोच पुढचा ओरखडा काढतो.

मी बरीच वर्षं पाण्याखालच्या कॅमेऱ्यांची हाउसिंग (जलरोधक कवचं), डोम आणि पोर्ट (हाउसिंगला जोडायचे लेन्ससमोरचे भाग) दुरुस्त करतोय. शार्कच्या डायव्हवरून आलेलं सामान आता लांबूनच ओळखू येतं. त्यातल्या बऱ्याच डोमना हात लावायची गरजच नसते. ज्यांना खरी दुरुस्ती लागते, त्यांचं दुखणं पुष्कळदा रेघेपासून चार बोटांवर, ओ-रिंगच्या, म्हणजे पाणी अडवणाऱ्या रबरी कड्याच्या, खाचेत असतं आणि तिकडे कुणी पाहिलेलंच नसतं. हातात पॉलिश पेपर घेण्याआधी वरून खाली क्रमाने तपासत जा. सुरुवातीच्या तपासण्या फुकटच्या आहेत.

लक्षणं

आधी संगणकावर फोटो मोठे करून बघा. डोळ्यांनी डोम बघून घाबरण्यापेक्षा फोटो काय सांगतात ते महत्त्वाचं.

- सूर्याच्या दिशेने घेतलेल्या फोटोत पांढुरके धागे किंवा धुरकट पट्टा दिसतो, तळाकडे घेतलेल्या फोटोत मात्र काहीच नाही. हा बाहेरच्या बाजूचा ओरखडा असतो.
- अर्धा पाण्यात, अर्धा पाण्यावर अशा फोटोत वरच्या भागात रेघा आणि खालचा भाग स्वच्छ. हाही बाहेरचाच.
- उजेड कुठूनही असो, प्रत्येक फोटोत अगदी त्याच जागी मऊ डाग. ओरखडा आतल्या बाजूला आहे, किंवा डाग लेन्सवर वा सेन्सरवर आहे.
- पांढरे ठिपके आहेत, पण दर फोटोत जागा बदलतात. ती शार्कच्या शेपटीने उडवलेली वाळू, स्ट्रोबच्या, म्हणजे पाण्याखालच्या फ्लॅशच्या, उजेडात चमकलेली. ओरखड्याशी संबंध नाही, स्ट्रोब बाहेरच्या बाजूला सरकवा.
- धक्का बसल्यानंतर एखादं बटण दाबलेलंच राहतं किंवा झूमची चकती फिरताना अडते.
- डोमच्या आत वाफ धरते, थेंब दिसतो. हे असेल तर ओरखड्याचा विचार बाजूला ठेवून थेट ओ-रिंगच्या भागाकडे जा.
- डोम तिरपा केला की प्लास्टिकच्या जाडीच्या आत एखादा पापुद्रा चमकून जातो. हा तडा आहे. तो डोम आता पाण्यात जाणार नाही.

रेघ नक्की कशाची?

हे समजून घेण्यात पाच मिनिटं गेली तरी पुढचे दोन तास वाचतात.

शार्कच्या कातडीवर दातांसारखेच घडलेले बारीक खवले असतात, सगळ्यांची टोकं शेपटीकडे. डोक्याकडून शेपटीकडे हात फिरवला तर कातडी गुळगुळीत लागते आणि उलटा फिरवला तर पॉलिश पेपर. पूर्वी सुतार वाळवलेली शार्कची कातडी लाकूड घासायला वापरत, ती याच गुणामुळे. शार्क बाजूने घासून गेला तर डोमवर एकाच दिशेने जाणाऱ्या, जवळजवळ असलेल्या, बारीक रेघांचा पट्टा उमटतो. नखाला त्या जाणवत नाहीत.

दाताची खूण वेगळी. आखूड, खोल, एकेकटी, आणि तोंड खरंच लागलं असेल तर पाच-सहा खुणा कमानीसारख्या ओळीत. नख अडकतं. टायगर शार्कच्या दातांना करवतीसारखी धार असते, त्यामुळे चराच्या कडा भिंगाखाली खडबडीत दिसतात.

तिसरा आरोपी वाळू, आणि माझ्या टेबलावर सगळ्यात जास्त खुणा तिच्याच असतात. खनिजांच्या काठिण्याच्या १ ते १० या मोजपट्टीवर बघा. शार्कच्या दातावरचं कवच ज्या ॲपेटाइट गटातल्या खनिजाचं बनतं त्याचं काठिण्य ५ च्या आसपास, साध्या काचेचं साडेपाचच्या आसपास, आणि वाळूतल्या क्वार्ट्झचं ७. म्हणजे दात आणि खवले ॲक्रिलिकवर सहज रेघ ओढतात, पण काचेवर सहसा टिकत नाहीत. वाळू दोन्हींवर ओढते. काचेच्या डोमवर नखाला लागणारा चरा असेल तर मी शार्कला दोष देण्याआधी विचारतो: कॅमेरा तळावर ठेवला होता का? शार्क जवळ यावेत म्हणून वाळूत गुडघे टेकून बसण्याची पद्धत अनेक डायव्हमध्ये असते. माणूस सरकतो आणि डोम वाळूत टेकतो, कुणाच्या लक्षातही येत नाही. परत आल्यावर एकाच टबात पाच-सहा कॅमेरे एकमेकांवर आपटतात, ते आणखी वेगळं.

शार्क डोमपर्यंत येतो तो चिडलेला असतो म्हणूनच, असंही नाही. त्याच्या नाकाडावर लॉरेन्झिनीच्या कुप्या नावाची विजेची संवेदना देणारी छिद्रं असतात. स्टेफानो लॉरेन्झिनी यांनी त्यांचं वर्णन १६७८ मध्ये करून ठेवलं होतं, पण त्या विजेचं क्षेत्र टिपतात आणि शार्क त्यावरून वाळूत दडलेलं भक्ष्य शोधतो हे कॅलमाइन यांच्या प्रयोगांतून १९७१ मध्ये स्पष्ट झालं. खाऱ्या पाण्यात दोन वेगळे धातू एकत्र असले की त्यांच्यात सूक्ष्म प्रवाह वाहतो. ॲल्युमिनियमचं हाउसिंग, त्यात स्टीलचे स्क्रू, वर चार्ज होणारे स्ट्रोब: हे सगळं शार्कला तपासून बघण्यासारखं वाटतं. हात लावायला त्याला हात नाहीत, तो नाकाने आणि तोंडाने बघतो. म्हणून खुणा बहुतेक वेळा डोमच्या वरच्या अर्ध्या भागात आणि स्ट्रोबच्या पुढच्या काचेवर सापडतात. तिथेच आधी बघा.

पहिली तपासणी: पाणी

घासू नका, पुसू नका, सुकू देऊ नका. पूर्ण जोडलेलं, बंद हाउसिंग गोड्या पाण्यात निदान अर्धा तास बुडवून ठेवा आणि त्या वेळात सगळी बटणं आणि चकत्या वीसेक वेळा दाबा, फिरवा. खारं पाणी सुकलं की मिठाचे कण वाळू धरून ठेवतात. अडकलेलं बटण निम्म्या वेळा एवढ्यानेच सुटतं. त्यानंतर वाहत्या पाण्याखाली, भांड्याच्या सौम्य साबणाचा एक थेंब घेऊन, फक्त बोटांच्या पेरांनी डोमवरून पाणी फिरवा. दाब द्यायचा नाही. मऊ मायक्रोफायबरने टिपून घ्या.

“ओरखडे” म्हणून आलेल्या कितीतरी खुणा इथे निघून जातात. सुकलेल्या थेंबांची पांढरी कडी, स्ट्रोबच्या रबराचा काळा माग, शार्कच्या अंगावरची बुळबुळ, हे सगळं उन्हात रेघेसारखंच दिसतं.

काच साफ करायचे अमोनियाचे फवारे, अल्कोहोल, ॲसिटोन, थिनर यांतलं काहीही ॲक्रिलिकला लावू नका. ॲक्रिलिकमध्ये ताण असतो आणि अशा द्रवांनी त्याच्या पृष्ठभागावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा फुटतात. त्या पॉलिशने जात नाहीत, कारण त्या वरवरच्या नसतात. टूथपेस्टही नको. तिच्यातले कण कुठल्या आकाराचे आहेत हे तुम्हाला माहीत नसतं, आणि डोमवर लेप असेल तर तो जातो.

दुसरी: ओला डोम, कोरडा डोम

कोरड्या डोमवरची रेघ नीट बघा. मग त्यावर पाण्याचा थेंब सोडा आणि पुन्हा बघा. रेघ नाहीशी झाली?

प्रकाश एका पदार्थातून दुसऱ्यात जाताना किती वळतो ते त्यांच्या अपवर्तनांकांतल्या फरकावर ठरतं. हवेचा १, पाण्याचा १.३३, ॲक्रिलिकचा १.४९. कोरड्या रेघेत हवा भरलेली असते, ओल्या रेघेत पाणी. समोरून येणाऱ्या प्रकाशातला हवा आणि ॲक्रिलिकच्या सीमेवर साधारण ४ टक्के भाग परततो, पाणी आणि ॲक्रिलिकच्या सीमेवर फक्त ०.३ टक्के. म्हणजे समुद्रच तुमची रेघ बुजवून देतो. कातडीने उमटलेला बारीक रेघांचा अख्खा पट्टा एका थेंबाखाली गायब होताना बघितला की डोमच्या मालकाचा जीव भांड्यात पडतो, आणि मलाही ते सांगायला बरं वाटतं.

रेघ ओल्यात दिसत नसेल आणि तुम्ही अर्धे वर, अर्धे खाली असे फोटो काढत नसाल, तर काम संपलं. डोम तसाच वापरा. कपाटात ठेवलेल्या डोमवर रेघ दिसते म्हणून तो पॉलिश करणारे लोक मी बघितले आहेत, आणि त्यांतले काही डोम नंतर खरोखरच बिघडलेले बघितले आहेत.

सूर्यासमोर अजूनही धागे दिसत असतील तर लेन्सचं छिद्र (ॲपर्चर) थोडं मोठं करून बघा. फिशआय लेन्स डोमच्या मागे असते तेव्हा ती डोमपासून काही इंचांवरच्या आभासी प्रतिमेवर फोकस करत असते. छिद्र लहान करून एफ १६ वर नेलं की फोकसची खोली डोमच्या पृष्ठभागाजवळ येते आणि ओरखडे उमटू लागतात. एफ ८ वर तेच ओरखडे विरून जातात. एक पैसा खर्च न होता पुढच्या डायव्हचे फोटो वाचतात.

तिसरी: डाग खरंच डोमवर आहे का

डाग दर फोटोत एकाच जागी असेल तर डोम काढून, शक्य असेल तर अर्धा फेरा वेगळ्या कोनात बसवून पांढऱ्या भिंतीचा फोटो घ्या. तुमचा डोम एकाच स्थितीत बसत असेल, तर डोम पूर्ण काढून फक्त कॅमेऱ्याने तोच फोटो घ्या. डाग डोमबरोबर फिरला किंवा गेला तर डोमवर आहे. जागचा हलला नाही तर लेन्स वा सेन्सरवर. सेन्सरवरच्या एका धुळीच्या कणासाठी डोम घासत बसण्यात काय अर्थ?

मग आत की बाहेर ते ठरवा. अंधाऱ्या खोलीत टॉर्च डोमला जवळजवळ समांतर धरा आणि रेघेवर बोट बाहेरून ठेवा. बोटाचं टोक आणि रेघ एकमेकांना टेकलेले दिसले तर बाहेरची. मध्ये डोमच्या जाडीएवढं अंतर दिसलं तर आतली. आतल्या रेघेत कायम हवाच राहते, समुद्र तिला बुजवत नाही. शार्क आत रेघ ओढू शकत नाही. बहुतेकदा ती बोटीवर टी-शर्टच्या टोकाने वाफ पुसताना आलेली असते.

चौथी: ओ-रिंग आणि तिची बैठक

हा भाग घाईने वाचू नका. ओरखड्याने फोटो जातो, ओ-रिंगने कॅमेरा जातो.

३० मीटरवर बाहेरचा दाब आतल्यापेक्षा साधारण ३ वातावरण जास्त असतो. २० सेंटिमीटर व्यासाच्या डोमवर तो सगळा मिळून साडेनऊशे किलोच्या वजनाएवढा भार टाकतो. खोलवर हा भार डोमला उलट आणखी घट्ट बसवतो. गळतीची खरी भीती पहिल्या काही मीटरांत असते, जेव्हा दाबाने ओ-रिंग अजून दाबून बसलेली नसते आणि एखादा केस किंवा वाळूचा कण पाण्याला वाट करून देतो. शार्कने डोमला बाजूने ढुशी दिली असेल तर पोर्ट किंचित फिरलेला किंवा तिरपा झालेला असू शकतो. लॉक नीट बसलंय का, हाउसिंग आणि पोर्टमधली फट सगळीकडे सारखी आहे का, हे आधी डोळ्यांनी बघा.

मग हाउसिंग पूर्ण सुकवून, तोंड खाली धरून उघडा, म्हणजे कडेला अडकलेला थेंब कॅमेऱ्यावर पडणार नाही. ओ-रिंग बोटांनी किंवा बोथट प्लास्टिकने काढा. टाचणी, चाकू, स्क्रूड्रायव्हर यांतलं काही खाचेजवळ आणायचं नाही. ओ-रिंग दोन बोटांतून हळू ओढत न्या. डोळ्यांना न दिसणारी चीर बोटाला कळते. खाच टॉर्चखाली पूर्ण गोल फिरवून बघा. ज्या गुळगुळीत पृष्ठभागावर ओ-रिंग दाबली जाते त्यावर आडवा, म्हणजे आतून बाहेर जाणारा चरा असेल तर तो पाण्यासाठी पाट आहे. त्याला पॉलिश पेपर लावू नका. तिथला एक केसाएवढा भाग कमी झाला तरी बैठक गेली. हे काम कारागिराचं.

ग्रीस निर्मात्याने सांगितलेलंच, आणि ओ-रिंग फक्त ओलसर चमकेल इतकंच. पाणी अडवते ती ओ-रिंग, ग्रीस नाही. जास्त ग्रीस म्हणजे वाळूला चिकटायला जागा. सिलिकॉनच्या ओ-रिंगला चुकीचं सिलिकॉन ग्रीस लावलं तर ती फुगते.

परत जोडून कॅमेऱ्याशिवाय तपासा. निर्वात चाचणीचा पंप असेल तर आतली हवा ओढून अर्धा-एक तास तरी गळतीच्या सूचनेचा दिवा हिरवा राहतो का बघा. या काळात हाउसिंग उन्हातून सावलीत किंवा उलट नेऊ नका, तापमानाने दाब बदलतो आणि खोटी सूचना मिळते. पंप नसेल तर आत कोरडा टिश्यू पेपर ठेवून रिकामं हाउसिंग बादलीत दाबून धरा, आणि पुढच्या डायव्हला ते तसंच रिकामं पाण्यात घेऊन जा. टिश्यूवर एक ओला ठिपका दिसला तरी कॅमेरा आत जायचा नाही.

पाचवी: बदलता येण्यासारखं बदला

स्ट्रोबसमोरचं झाकण किंवा डिफ्यूझर रेघांनी भरला तरी बिघडत नाही, तो उजेड पसरवण्यासाठीच असतो. तडा गेला तरच बदला. कॅमेरा आणि स्ट्रोब जोडणारी सिंक केबल मात्र हातात धरून वाकवत पूर्ण तपासा. दात रबरात शिरून निघालेला असला की वरून फक्त एक टाचणीएवढं भोक दिसतं आणि आत खारं पाणी तारेच्या कडेने कनेक्टरपर्यंत पोहोचतं. असं भोक दिसलं की केबल बदला. चिकटपट्टी लावून चालवू नका.

ॲक्शन कॅमेऱ्यांवर लेन्ससमोरचं छोटं कव्हर असतं. गोप्रो हिरो ९ पासून ते फिरवून काढता येतं, हिरो ८ मध्ये येत नाही. येत असेल तर पॉलिश करण्याचा विचारही नको, कव्हर बदला. नवं बसवताना त्याची ओ-रिंग स्वच्छ आहे का बघा, कारण कव्हरशिवाय तो कॅमेरा जलरोधक राहत नाही.

सहावी: ॲक्रिलिक पॉलिश करणं

इथवर येऊन रेघ ओल्यातही दिसते, फोटोत येते, डोमला तडा नाही आणि पृष्ठभाग साधा ॲक्रिलिक आहे, एवढ्या चारही गोष्टी जुळल्या तरच पुढे. काही ॲक्रिलिक डोमवर कठीण लेप असतो. माहितीपत्रकात तसं असेल तर पॉलिश करू नका, लेप तुकड्या-तुकड्याने निघतो आणि डोम पहिल्यापेक्षा वाईट दिसतो.

मी मायक्रो-मेशचे कापडी पेपर वापरतो: १५००, १८००, २४००, ३२००, ३६००, ४०००, ६०००, ८००० आणि १२०००. आकडा जितका मोठा तितका पेपर बारीक. हे आकडे बाजारातल्या साध्या पॉलिश पेपरच्या आकड्यांशी जुळत नाहीत. मायक्रो-मेशचा १५०० हा साध्या ४०० च्या आसपास खरखरीत असतो. हे न कळल्यामुळे साधा १५०० आणून सुरुवात करणारे आणि मायक्रो-मेशच्या १५०० ने थेट डोम खरवडणारे, दोघेही अडचणीत येतात.

पोर्टवरून ओ-रिंग आणि डोमवर ऊन पडू न देणारी सावलीची पाकळी काढा. बैठकीच्या धातूवर दोन थर मास्किंग टेप लावा. डोम मऊ टॉवेलवर पालथा, दोन्ही बाजूंना टेकण मिळेल असा ठेवा. स्वच्छ पाण्याच्या दोन वाट्या आणि साबणाचा थेंब. प्रत्येक पेपर पाण्यात भिजवून, सगळ्या बोटांचा सारखा दाब देत, एकाच दिशेत सरळ घासा. पुढचा पेपर घेताना डोम स्वच्छ धुवा, पाणी बदला आणि आता आधीच्या दिशेला काटकोनात घासा. आधीच्या पेपरच्या रेघा पूर्ण गेल्या की नाही हे काटकोनामुळेच कळतं. त्यातली एक जरी राहिली तरी पुढचा पेपर ती काढणार नाही, नुसती चमकवेल.

कातडीच्या बारीक पट्ट्यासाठी मी ३६०० किंवा ४००० पासूनच सुरू करतो. नखाला जेमतेम लागणाऱ्या रेघेसाठी २४००. दाताच्या खोल चरासाठी १८०० च्या खाली मी घरगुती कामात जाऊ देत नाही, आणि चरा त्यानेही उथळ होत नसेल तर तो तसाच राहू द्या. कारण सांगतो. एका डोमवर सहा दातखुणांची सुंदर कमान होती, दोन खुणा खरोखर खोल. मी त्या दोनच ठिकाणी मन लावून घासत राहिलो. चरे गेले, डोम आरशासारखा झाला. पण तिथे बशीसारखा उथळ खळगा पडला होता, आणि फोटोत त्या जागी आडवी ओळ वाकडी दिसू लागली. चरा समुद्राने बुजला असता, खळगा बुजत नाही. त्या दिवसापासून मी खोल चराभोवती निदान तळहाताएवढा भाग सारखा घासतो, आणि चरा पूर्ण जाण्याआधी थांबतो.

बाहेरच्या बाजूला ६००० नंतर बारीक धुरकटपणा राहिला तरी चालतो, पाण्यात तो दिसत नाही. पाण्यावरचे फोटोही काढत असाल तरच १२००० पर्यंत जा. आतली बाजू मात्र १२००० पर्यंत नेल्याशिवाय सोडता येत नाही, कारण तिथे कायम हवा असते. शिवाय आतल्या खोलगट बाजूला बोटांचा दाब सारखा पडत नाही. पहिल्यांदा करत असाल तर आतली बाजू घेऊ नका. शेवटी नोव्हससारखं ॲक्रिलिकसाठीचं पॉलिश: २ क्रमांक बारीक रेघांसाठी, १ क्रमांक फक्त स्वच्छतेसाठी. ड्रिलला चकती लावून कधीच नाही. ॲक्रिलिक १०० अंशांच्या आसपास मऊ पडतं आणि फिरत्या चकतीखाली ते तापमान काही सेकंदांत येतं.

मध्यम आकाराच्या डोमला हे सगळं करायला मला दीड-दोन तास लागतात. घाई असेल त्या दिवशी सुरूच करू नका.

ॲल्युमिनियमचं अंग

हाउसिंगच्या धातूवर दात उमटले तर वरचा ॲनोडायझिंगचा संरक्षक थर जातो आणि उघडं पडलेलं ॲल्युमिनियम खाऱ्या पाण्यात कुजायला लागतं, स्टीलच्या स्क्रूजवळ तर लवकर. धुऊन, पूर्ण सुकवून त्यावर सागरी वापराचा रंग ठिपक्याएवढा लावा. पांढरी भुकटी दिसू लागली असेल तर आधी ती मऊ ब्रशने काढा. हाउसिंगला जस्ताचा, ॲल्युमिनियमऐवजी स्वतः झिजणारा तुकडा बसवलेला असेल तर तो किती झिजलाय तेही बघून घ्या. रंग बैठकीवर, खाचेत किंवा बटणाच्या दांड्यावर जाता कामा नये.

इथे थांबा आणि जाणत्याकडे द्या

कुठलाही तडा, कितीही छोटा, विशेषतः डोमच्या कडेपासून किंवा स्क्रूच्या भोकापासून निघालेला. तो चिकटवून मिळतो असं कुणी म्हणालं तरी नाही. डोम बदलायचा.

काचेच्या डोमवरचा नखाला लागणारा चरा. काचेवर बहुधा परावर्तन रोखणारा लेप असतो. तो घरी पॉलिश करता येत नाही आणि काच घासायला लागणारं साहित्य डोमचा गोलावा बिघडवतं. निर्मात्याच्या सेवा केंद्राकडे विचारा. ओल्यात दिसत नसेल तर तसाच वापरा.

ओ-रिंगच्या बैठकीवरचा चरा किंवा पोचा. वाकडं लॉक. आत गेलेला, दाबून परत न येणारा बटणाचा दांडा.

आणि पाणी आत गेलेलं असेल तर कॅमेरा चालू करून बघू नका. शक्य तितक्या लवकर बॅटरी काढा आणि ती परत कुठेही वापरू नका. पाणी शिरलेला स्ट्रोब किंवा टॉर्च उघडताना झाकण स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या चेहऱ्याकडे धरू नका. खारं पाणी आणि बॅटरी मिळून आत वायू साठतो आणि झाकण उडू शकतं. हे सांगताना मी जराही वाढवून सांगत नाहीये.

विमा असेल तर धुण्याआधीच, ओला असतानाच खुणांचे फोटो काढून ठेवा.

पुन्हा पाण्यात जाण्याआधी

डोमचं निओप्रीनचं कव्हर उलटं करून उजेडात बघा. शार्कचे दात आयुष्यभर पडत आणि नवे येत राहतात, आणि चावताना टोक तुटून मऊ वस्तूत राहणं सहज घडतं. माझ्याकडे एक डोम तीनदा आला, दर वेळी नवी, एकाच जागची, कोयत्यासारखी रेघ. मालक बिचारे दर वेळी शार्कबद्दल बोलत होते. तिसऱ्या वेळी मी कव्हर मागवून घेतलं. आतल्या कापडात तांदळाच्या कण्याएवढं दाताचं टोक रुतलेलं होतं. डोम झाकताना रोज तेच रेघ ओढत होतं. ते चिमट्याने काढलं, डोम पॉलिश केला, आणि तो पुन्हा आला नाही.

पाण्यात शार्क कॅमेऱ्याला तोंड लावायला आला तर डोम पुढे करून त्याला ढकलू नका. हाउसिंग फिरवून त्याच्यासमोर हँडल किंवा स्ट्रोबचा दांडा येऊ द्या. त्याने कॅमेरा धरलाच तर ओढाताण न करता सोडून द्या. ओढण्याने त्याचे दात डोमवरून सरपटतात, आणि तुमचा हात त्याच्या तोंडाजवळ राहतो.

दुरुस्तीनंतरच्या पहिल्या डायव्हला ५ मीटरवर दोन मिनिटं थांबा, डोम वर करून आत बघा. एकही बुडबुडा निघत नाही, एकही थेंब नाही, सूचनेचा दिवा शांत आहे, मग खाली जा.